हलक्या हवेची परीक्षा

दमा, बाळाच्या स्वरयंत्राखाली आलेली सूज, श्वासनलिकेवर दाब आणणारी गाठ अशा कोणत्याही कारणाने हवेची वाट अरुंद झाली, की रुग्णाला होणारा त्रास निव्वळ ऑक्सिजन कमी पडल्याचा नसतो. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा आत ओढण्यासाठी आणि दम्यात तर त्याहून अधिक म्हणजे ती बाहेर लोटण्यासाठी छातीच्या, मानेच्या आणि पोटाच्या स्नायूंना जी मजुरी करावी लागते, तिचाही तो शीण असतो. बोटाला लावलेले यंत्र रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण समाधानकारक असल्याचे दाखवीत असताना रुग्ण मात्र पलंगाच्या कडेला पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसलेला असतो, मानेच्या शिरा ताणलेल्या असतात, वाक्य पुरे होण्याआधी दोनदा श्वास घ्यावा लागतो, हे दृश्य आपत्कालीन विभागात काम केलेल्या कोणालाही नवे नाही. अशा वेळी ऑक्सिजन लावणे आवश्यकच असते, परंतु त्याने स्नायूंची मजुरी फारशी हलकी होत नाही, कारण ऑक्सिजन स्वतः हवेपेक्षा किंचित जडच आहे. वाट रुंद करणारी औषधे काम करू लागेपर्यंत वाटेऐवजी हवाच हलकी करावी, हा विचार येथूनच निघतो आणि त्या विचाराचे नाव हेलिऑक्स, म्हणजे हेलियम आणि ऑक्सिजन यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण.

हा विचार प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील वैद्य अल्व्हान बॅरॅक यांना दिले जाते. कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित असलेल्या आणि श्वासविकारांत ऑक्सिजन देण्याच्या पद्धतींवर आधीच बरेच काम केलेल्या बॅरॅक यांनी १९३४ साली हेलियम हा एक नवा उपचारवायू म्हणून मांडला आणि पुढच्याच वर्षी दमा तसेच स्वरयंत्र व श्वासनलिका यांतील अडथळे असलेल्या रुग्णांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्या काळी दम्याच्या जीवघेण्या झटक्यावर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच मुख्य आधार होता. ते वारंवार देऊनही दाद न देणाऱ्या रुग्णापुढे वैद्याजवळ फारसे काही उरत नसे, कारण स्टेरॉइड वैद्यकात येण्यास अजून पंधरा-एक वर्षे अवकाश होता. हेलियमची गरज वैद्याला का वाटली, हे ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय कळत नाही.

वायू मात्र नुकताच हाती आलेला होता. हेलियमचा शोध सूर्याच्या वर्णपटात, १८६८ सालच्या निरीक्षणांतून लागला. पृथ्वीवर तो विल्यम रॅम्झे यांनी १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून वेगळा केला. (महाराष्ट्रात या शोधाची जागा म्हणून विजयदुर्गावरील ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणावेळी या शोधाशी नाव जोडले जाणारे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होते आणि सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय पाहिली. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे हेलियम प्रयोगशाळेत सापडून तीन वर्षे होऊन गेल्यावर. कट्ट्यांचे नाते या दुसऱ्या ग्रहणाशी जोडणे अधिक सयुक्तिक आहे.) औषध म्हणून वापरता येईल इतका हेलियम मिळू लागला तो अमेरिकेतील नैसर्गिक वायूच्या विहिरींमुळे. कॅन्ससमधील डेक्सटर गावी १९०३ साली विहिरीतून जोराने उसळलेला वायू पेटवू पाहता पेटेना, तेव्हा कॅन्सस विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे पृथक्करण केले आणि १९०५ साली त्यात हेलियम आढळला. पुढे हवाई जहाजांसाठी त्याचे उत्पादन वाढले, पाणबुड्यांना खोल पाण्यात नायट्रोजनऐवजी हेलियममिश्रित हवा देण्याचे प्रयोग १९२० नंतरच्या दशकात झाले आणि माणसाने हा वायू हुंगला तरी तो शरीरात कशाशीही संयोग न पावता जसाच्या तसा बाहेर पडतो, हे बॅरॅक यांच्या आधीच बऱ्यापैकी स्पष्ट झालेले होते.

हेलियम औषध नाही, हे येथे ठासून सांगावे लागते, कारण त्याच्या परीक्षेतील जवळजवळ सगळे घोळ याच गोष्टीतून उद्भवतात. तो श्वासनलिकेची सूज उतरवीत नाही, आखडलेला स्नायू सैल करीत नाही, चिकट कफ पातळ करीत नाही. त्याचा गुण एकच, घनता कमी असणे. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२९ ग्रॅम, ऑक्सिजनचे १.४३ ग्रॅम, तर हेलियमचे अवघे ०.१८ ग्रॅम असते. ८० भाग हेलियम आणि २० भाग ऑक्सिजन एकत्र केले, की मिश्रणात ऑक्सिजन जवळपास साध्या हवेइतकाच राहतो, पण वजन साधारण ०.४३ ग्रॅम, म्हणजे हवेच्या एक तृतीयांश होते.

ही हलकी हवा कोठे उपयोगी पडते आणि कोठे पडत नाही, हे प्रवाहाच्या स्वभावावर ठरते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवले, की वेग कमी असताना ती धार सरळ रेघेसारखी वाहते आणि वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती मोडून सगळ्या नळीभर पसरते. पहिल्या प्रकाराला स्तरीय आणि दुसऱ्याला प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. उन्हाळ्यातला संथ ओढा आणि तोच ओढा पावसाळ्यात खडकांच्या फटीतून घुसताना पाहिला असेल त्याला हा भेद निराळा समजावून द्यावा लागत नाही. प्रक्षुब्ध प्रवाहात वायू पुढे ढकलण्यास लागणारा दाब त्याच्या घनतेवर अवलंबून असतो, स्तरीय प्रवाहात मात्र तो विष्यंदितेवर, म्हणजे वायूच्या अंतर्गत चिकटपणावर अवलंबून असतो आणि हेलियमची विष्यंदिता हवेपेक्षा कमी नसून थोडी जास्तच आहे. म्हणून स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या पहिल्या काही मोठ्या शाखा, जेथे हवा वेगाने व खळबळत वाहते, तेथील अडथळ्यात हेलिऑक्सचा लाभ होतो. फुप्फुसाच्या टोकाकडील सूक्ष्म नलिकांत, जेथे हवा संथ वाहते, तेथे तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. दमा हा या दोन्ही ठिकाणी वाट अडवणारा आजार असल्यामुळे एकाच दिवशी, एकाच विभागात, वरवर सारख्याच दिसणाऱ्या दोन रुग्णांपैकी एकाला हेलिऑक्सने हायसे वाटते आणि दुसऱ्याला काहीच वाटत नाही. मॉन्ट्रियल येथे पीटर मॅक्लेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली याच भेदाचा उलटा उपयोग केला: दम्याच्या रुग्णांना हवा आणि हेलिऑक्स असे दोन्ही देऊन जोराने श्वास सोडायला लावले आणि कोणाचा प्रवाह वाढतो, कोणाचा वाढत नाही, यावरून अडथळा मोठ्या नळ्यांत आहे की बारीक, याचा अंदाज बांधला.

रुग्णाच्या खाटेपाशी या वायूची परीक्षा घेणाऱ्यांचा अनुभव सुरू होतो तो फ्लोमीटरपासून. कोविडच्या दुसऱ्या लाटेत उभ्या काचेच्या नळीत वरखाली नाचणारी ती छोटी गोळी महाराष्ट्रातील असंख्य घरांना ओळखीची झाली. गोळी १० च्या रेघेवर असेल तर मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन जातो, इतके तेव्हा घराघरांत समजू लागले होते. तोच ऑक्सिजनचा फ्लोमीटर हेलिऑक्सच्या सिलिंडरला लावला तर मात्र गोळी खोटे बोलते. गोळीला उचलून धरायला हलक्या वायूचा प्रवाह जास्त लागतो. ८०:२० मिश्रणासाठी दाखवलेल्या आकड्याला १.८ ने आणि ७०:३० मिश्रणासाठी १.६ ने गुणावे लागते, म्हणजे गोळी १० वर असताना प्रत्यक्षात मिनिटाला १८ लिटर मिश्रण वाहत असते. हा गुणक घनतेच्या वर्गमूळातून येतो आणि अरुंद फटीतून रुग्णाला जास्त हवा मिळण्याचे कारणही तेच वर्गमूळ आहे. नवखा तंत्रज्ञ पहिल्या दिवशी ही गोष्ट विसरतो आणि सिलिंडर हिशेबाच्या जवळजवळ निम्म्या वेळात रिकामा झाला की ती त्याला कायमची आठवते.

ज्या गुणाने हा वायू आराम देतो, त्याच गुणाने तो मोजमापाला चकवतो, ही बाब पुढे पावलोपावली आडवी येते. दम्याचे औषध नेब्युलायझरमधून, म्हणजे द्रवाचे बारीक तुषार करणाऱ्या उपकरणातून देताना तुषार उडवणारा वायू हेलिऑक्स असेल, तर त्याच प्रवाहावर तुषार कमी निघतात आणि औषधाची मात्रा घटते. प्रवाह वाढवला नाही तर हेलिऑक्सच्या गटातील रुग्णाला वायू हलका पण औषध कमी मिळते आणि चाचणीचा निष्कर्ष वायूविरुद्ध जातो. पीक फ्लो मीटर, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात फुंकल्यावर हवेचा कमाल वेग दाखवणारी नळी, हे तर दम्याच्या उपचारातील रोजचे साधन. परंतु हेलिऑक्स फुप्फुसात भरलेला असताना फुंकले, तर निरोगी माणसाचाही प्रवाह वाढतो. मग रुग्णाचा वाढलेला आकडा वाट रुंद झाल्याचा की हवा हलकी झाल्याचा? शिवाय अशा मीटरचा काटा वायूच्या घनतेवर चालत असल्यामुळे हलक्या वायूत तो खऱ्या प्रवाहापेक्षा कमी दाखवतो, म्हणजे एक चूक वर ओढणारी आणि दुसरी खाली ओढणारी. या दोहोंनी एकमेकींना छेद देऊन बरोबर उत्तर यावे, अशी आशा कोणी धरू नये. कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांत तर यंत्राने मोजलेले श्वासाचे आकारमानच चुकते, म्हणून त्या यंत्राला आधी हेलिऑक्सची ओळख करून द्यावी लागते किंवा निराळे मापनसाधन जोडावे लागते.

मास्क हा आणखी एक नाजूक भाग. मास्कच्या खाली लोंबणारी राखीव पिशवी श्वास घेताना पूर्ण मिटली, किंवा मास्कची कड गालाला नीट बसली नाही, तर फटीतून खोलीतली हवा आत शिरते आणि तिच्यातील नायट्रोजन मिश्रणाला पुन्हा जड करतो. दाढी असलेल्या रुग्णांत आणि मास्क चेहऱ्याजवळ आणताच मान फिरवणाऱ्या लहान मुलांत हे वारंवार होते. मुलाला आईच्या मांडीवर बसवून, मास्क आईनेच धरला तर ते शांत राहते, हे परिचारिकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि रडण्याने वाढणारी धाप हेलिऑक्सने वाचवलेल्या श्रमाहून कमी नसते, हे ध्यानात घेता या साध्या गोष्टीला चाचणीच्या नियमावलीत स्थान हवे. हेलियम उष्णता हवेच्या सुमारे सहापट वेगाने वाहून नेतो, म्हणून तान्ह्या मुलांना तो गरम व दमट करूनच द्यावा लागतो. नाहीतर श्वास सुधारत असताना बाळ गार पडू लागते.

तरीही अनुभवी माणसाच्या डोळ्यांना जे दिसते ते नाकारता येत नाही. वरच्या वाटेत अडथळा असलेल्या, उदाहरणार्थ कृत्रिम श्वासाची नळी काढल्यावर सुजेमुळे प्रत्येक श्वासाला घोगरा, करवतीसारखा आवाज करणाऱ्या रुग्णाला हेलिऑक्स लावला, की पाच-सात श्वासांतच तो आवाज मऊ होतो, गळ्याच्या खाचेतील खड्डा उथळ होतो, खांदे खाली येतात आणि रुग्ण मागे उशीला टेकतो. कोणतेही औषध इतक्या लवकर काम करीत नाही. आणि मास्क काढला, की तितक्याच लवकर सगळे पूर्ववत होते. सूज होती तेथेच आणि तेवढीच असते. ही उलटसुलट हालचाल हाच वायूच्या परिणामाचा खाटेजवळचा सर्वांत प्रामाणिक पुरावा म्हणावा लागेल, कारण त्यात रुग्णाची तुलना दुसऱ्या कोणाशी नसून दहा मिनिटांपूर्वीच्या त्याच रुग्णाशी असते.

परंतु असा पुरावा शास्त्रीय चाचणीला पुरत नाही, आणि येथे हेलियम आपली सर्वांत प्रसिद्ध खोड दाखवतो. चाचणी विश्वसनीय व्हावी म्हणून ती अंध ठेवतात, म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळाला हे रुग्णाला आणि मोजमाप करणाऱ्याला कळू देत नाहीत. सिलिंडरवर कापड टाकता येते, फ्लोमीटर पडद्याआड ठेवता येतो, दोन्ही गटांना सारखाच मास्क देता येतो. पण हेलियममध्ये ध्वनीचा वेग हवेच्या जवळजवळ तिप्पट असल्यामुळे गळ्यातील आणि तोंडातील पोकळ्यांचा अनुनाद वर सरकतो आणि ‘आता कसे वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर कार्टूनमधल्या बदकाच्या आवाजात येते. मिश्रणात ऑक्सिजन असल्याने आवाज फुग्यातला वायू ओढल्याइतका बदलत नाही, तरी ओळखू येण्याइतका बदलतो. रुग्णाला बोलू न देणे हा उपाय सुचवला जातो, पण पूर्ण वाक्य बोलता येणे हेच तर धाप कमी झाल्याचे एक मुख्य लक्षण. त्यामुळे काही ठिकाणी मोजणारा खोलीबाहेर ठेवावा लागतो, काही ठिकाणी ठरलेल्या वेळी सर्वांचाच मास्क काढून साध्या हवेवर तपासणी करावी लागते. आणि धाप किती हे रुग्णाने शून्य ते दहा या बोर्ग श्रेणीवर बोटाने दाखवायचे असते, जी श्रेणी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. इतके करूनही रुग्णाला स्वतःचा आवाज ऐकू येतोच.

चाचण्यांचे निकाल या पार्श्वभूमीवर वाचावे लागतात. न उतरणाऱ्या दम्यात हेलिऑक्सने पीक फ्लो वाढल्याचे आणि श्वास घेताना रक्तदाबात होणारी घट, जी श्वासाच्या ओढाताणीचे एक लक्षण आहे, कमी झाल्याचे निष्कर्ष १९९५ च्या सुमारास अमेरिकेतून आले. लगेच पुढच्या वर्षी मुलांवरील एका छोट्या चाचणीत काहीच लाभ दिसला नाही. २००५ साली अमेरिकेतच ३० मुलांवर झालेल्या चाचणीत नेब्युलायझरमधील औषध ऑक्सिजनऐवजी हेलिऑक्सवर दिल्याने मुले लवकर सुधारली. कॉक्रेन या पुराव्यांचे संकलन करणाऱ्या संस्थेने दम्यासाठी केलेल्या आढाव्यात दहा चाचण्या आणि त्यांत मिळून केवळ ५४४ रुग्ण होते. दहा चाचण्यांत मिळून जेमतेम एका मोठ्या औषधचाचणीच्या एका शाखेइतकी माणसे असतील, तर निष्कर्ष हात राखूनच काढावा लागतो. सर्व रुग्णांना सरसकट हेलिऑक्स देण्यास आधार नाही, तीव्र अडथळा असलेल्यांना लाभ होण्याची शक्यता आहे, असा तो निष्कर्ष होता.

सौम्य दम्याच्या रुग्णांवर हेलिऑक्सची चाचणी घेणे म्हणजे रिकाम्या रस्त्यावर रुग्णवाहिकेच्या भोंग्याची उपयुक्तता मोजण्यासारखे आहे. ज्याची वाट फारशी अरुंद नाही त्याचा प्रवाह फारसा प्रक्षुब्धही नसतो आणि अर्ध्या तासात औषधाने तो बरा होणारच असतो; त्यामुळे गटांत फरक दिसत नाही. उलट ज्याला वायूची खरी गरज आहे, तो संमतीपत्रक वाचून सही करण्याच्या स्थितीत नसतो, आणि त्याला बहुधा ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन लागत असतो. ऑक्सिजनचा वाटा जितका वाढवावा तितका हेलियमचा घटतो आणि ४० टक्क्यांच्या पुढे मिश्रणाच्या हलकेपणाचा फायदा जवळजवळ संपतो. म्हणजे चाचणीला सोपा रुग्ण उत्तर देत नाही आणि उत्तर देणारा रुग्ण चाचणीत बसत नाही.

दीर्घकालीन अडथळ्याच्या फुप्फुसविकाराबाबत, ज्याला आता सर्वत्र सीओपीडी म्हणतात, एक मोठा प्रयत्न झाला. अनेक देशांतील अतिदक्षता विभागांनी मिळून ४४५ रुग्णांना मास्कवाटे श्वासयंत्राचा आधार देताना ७८:२२ हेलिऑक्स किंवा हवा-ऑक्सिजन दिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात उपचार अयशस्वी होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, १४ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान निघाले आणि हे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी असल्यामुळे चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. येथे हेलियम हरला असे म्हणण्यापेक्षा मास्कवाटे श्वासयंत्र देण्याचे तंत्रच दरम्यान इतके सुधारले, की त्याला हरवायला जागा उरली नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

भारतात हेलियमची गरज आयातीवर भागते आणि त्यासाठी एमआरआय यंत्रांपासून संशोधन प्रयोगशाळांपर्यंत अनेक गिऱ्हाइके रांगेत असतात. हेलिऑक्सचे तयार मिश्रण ठेवणारी रुग्णालये त्यामुळे मोजकीच. जेथे ते आहे तेथेही शुद्ध हेलियमचा सिलिंडर खाटेजवळ आणून ऑक्सिजनशी जागच्या जागी मिसळण्याचा मोह टाळावा लागतो, कारण एक जोडणी निसटली तर रुग्णाच्या नाकाशी ऑक्सिजन नसलेला वायू जातो. मिश्रण कारखान्यातूनच ठरावीक प्रमाणात भरून यावे आणि नळीत ऑक्सिजन विश्लेषक लावलेला असावा. फुग्यांसाठी विकल्या जाणाऱ्या हेलियमला हीच गोष्ट अधिक तीव्रतेने लागू होते. तो गंमत म्हणूनही नाकातोंडाशी धरू नये.

दम्यावरील जागतिक मार्गदर्शिका, जी ‘जिना’ या नावाने ओळखली जाते, तीव्र झटक्यात हेलिऑक्स नेहमीचा उपचार म्हणून सुचवीत नाही; प्रस्थापित उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णात त्याचा विचार करता येईल, एवढेच ती म्हणते. म्हणून हेलिऑक्सचा भरलेला सिलिंडर हाताशी असला, तरी धापा टाकत आलेल्या दम्याच्या रुग्णाला आधी द्यायचे ते ऑक्सिजन, वाट रुंद करणारे साल्ब्युटामॉल आणि स्टेरॉइडच. हेलिऑक्स लावायचा तो ही औषधे काम करू लागेपर्यंतचा वेळ निभावून नेण्यासाठी.